खांबकाका पहिल्या रांगेत

आमच्या जॅझ बँडच्या मालकांना, म्हणजे काकांना, सूर कशाशी खातात हे ठाऊक नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलतो, आणि तेही ‘खरं आहे’ म्हणून मान हलवतात. पूर्वी ते लग्नांना खुर्च्या भाड्याने द्यायचे. एका लग्नात तेव्हाच्या बँडमालकाचं यजमानांशी कडाक्याचं भांडण झालं. मालक तिथल्या तिथे धंद्याला रामराम ठोकून निघून गेला. वादक मात्र मागे राहिले, कारण त्यांची जेवणं व्हायची होती. काकांनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, आणि तेव्हापासून बँड काकांचा झाला.

मी त्या वादकांपैकी नव्हे, मी नंतर आलो. मी बास वाजवतो. म्हणजे ते उभं, ढोल्या पोटाचं, माणसापेक्षा उंच तंतुवाद्य, जे नवरा-नवरीच्या प्रत्येक फोटोत मागे अर्धवट दिसतं. माझी बायको त्याला कपाट म्हणते. ‘निदान खऱ्या कपाटात कपडे तरी मावतात’ असंही म्हणते. ते जिन्यावरून वर-खाली नेताना माझी कंबर गेली, आणि आमच्या मास्तरांनी, म्हणजे सॅक्सोफोनवाल्यांनी, आजवर एकदाही हात लावला नाही. मास्तरांचा सगळा संसार एका छोट्या पेटीत मावतो. त्यामुळे त्यांना कलावंत म्हणतात आणि मला ‘अहो, जरा बाजूला व्हा’ म्हणतात.

काकांना आम्ही तोंडावर काका म्हणतो आणि आपापसांत खांबकाका. लग्न असो, वाढदिवस असो, एखाद्या कंपनीच्या साहेबांचा निरोप असो, काका हॉलमध्ये शिरले की आधी खांब शोधतात. जिथून दरवाजा, स्टेज, स्वयंपाकघराची वाट आणि बँड असं सगळं एकदम दिसतं असा एक तरी खांब प्रत्येक हॉलमध्ये असतो, असं त्यांचं ठाम मत आहे. एका बागेतल्या लग्नात खांबच नव्हता. तेव्हा ते दिवसभर एका उंचापुऱ्या पाहुण्याला खेटून उभे राहिले, आणि तो बिचारा पाहुणा भिडेखातर जेवायलासुद्धा हलला नाही.

आमचं ऑफिस लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. खालची वाफ जिन्यातून वर येते आणि गिऱ्हाइकांना घाम फुटतो. काकांच्या मते ते धंद्याला चांगलं, माणूस फार घासाघीस करत नाही. लग्न ठरलेल्या घरांना जॅझ हवा असतो, कारण शेजारच्यांनी आणलेला असतो. पण जॅझ म्हणजे काय हे ऐकलं की त्यांचा चेहरा पडतो. नवरीची मावशी हमखास बरोबर असते आणि सगळे प्रश्न तिच्याकडेच असतात.

“गाणी ओळखीची असतील ना?” ती विचारते.

“ओळखीचीच,” काका सांगतात. “फक्त आमच्याकडे गाणं घरातून निघतं, जरा गावभर फिरतं, चार लोकांना भेटतं, आणि जेवायच्या वेळेला घरी परत येतं.”

“वाटेत हरवत नाही ना?”

“आमचे मास्तर हरवतात कधीमधी. पण त्यांना शोधून आणायला ड्रमवाला ठेवलाय.”

एकदा एका नवऱ्या मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, “जॅझ थोडा कमी करून मिळेल का?” काकांनी गंभीरपणे विचारलं, “किती कमी?” ते म्हणाले, “माणसं जेवतील इतपत.” काका म्हणाले, “तेवढा कमी होतो,” आणि सौदा ठरला. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते दोन कार्यक्रम आमच्याशी बोलले नाहीत.

काकांना सूर कळत नाहीत, पण माणसं कधी कंटाळतात ते नेमकं कळतं. खुर्च्यांच्या धंद्यातली कमाई ती. माणूस खुर्चीत रेलला की ठीक, पुढे सरकला की त्याला भूक लागली, आणि एक पाय दाराकडे वळला की कार्यक्रम हातचा गेला. हे सगळं ते खांबापाशी उभे राहून बघतात आणि आम्हाला खुणा करतात. कानाची पाळी ओढली की आवाज कमी. पोटावर हात ठेवला की जेवण निघालंय, संथ वाजवा. कोटाचं बटण लावलं की जोडपं दारात आलं. चष्मा काढला की कुणीतरी झोकांड्या खात माईककडे निघालाय, त्याला गाण्यात बुडवा. दोन्ही हात वर म्हणजे लोकांना उठवा, टाळ्या पाहिजेत. आणि या सगळ्यांत मोठी खूण म्हणजे रुमाल.

रुमालासाठीच खरं तर लोक आमच्याकडे येत, जॅझ हे निमित्त. प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो की त्याला लग्नात माईक द्यावाच लागतो आणि दिला की तो परत येत नाही. काका खांबापाशी उभे राहून ऐकत. भाषण उतरणीला लागलं की खिशातून पांढरा, काकूंनी इस्त्री केलेला रुमाल काढून डोळ्यांवरून फिरवत. एकदा फिरवला की ड्रमवाला काठ्या ठेवून तारांच्या ब्रशने हळूच सुरुवात करणार आणि खालून मी दोन तारा धरणार. दुसऱ्यांदा फिरवला की मास्तर उठणार आणि सगळा बँड तुटून पडणार. कसब यात होतं की बोलणाऱ्याला आपलं भाषण कापलं गेलं असं वाटता कामा नये. त्याला वाटलं पाहिजे की आपलं बोलणं इतकं रंगलं की वादकांनासुद्धा राहवलं नाही. अशी कापलेली माणसं नंतर येऊन काकांच्या हातात हात देत आणि सद्गदित होऊन म्हणत, “तुमच्या लोकांना शब्दांची कदर आहे हो.”

अशा या काकांना एकुलती एक मुलगी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बोलायला काकूंवर गेली आहे, म्हणजे कमी बोलते आणि जे बोलते ते लागतं. लग्नं सुट्टीच्या दिवशी असतात आणि मुलीच्या शाळेचे कार्यक्रम, वाढदिवस, सहली, सगळं सुट्टीच्याच दिवशी. त्यामुळे काका तिच्या कुठल्याच कार्यक्रमाला नसत. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला आले ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, आणि मुख्याध्यापिकेचं भाषण लांबलं तसा त्यांचा हात खिशाकडे जाऊ लागला, असं तीच सांगते. घरात जेवताना आत्याबाईंचं पुराण सुरू झालं की काका रुमाल फिरवत आणि काकू भांडी आपटायला लागत. थोडक्यात, आमच्या सगळ्या खुणा त्या पोरीला बाराखडीच्या आधी पाठ होत्या.

तिचं लग्न ठरलं तसा काकांना चेव चढला. कुठला हॉल, कुठला खांब, मास्तरांना नवा कोट. आम्ही ऑफिसात बसून हे ठरवत असताना ती जिना चढून वर आली. वाफेने चष्मा धुरकटलेला, तो तिने पुसला आणि म्हणाली, “बाबा, बँड आपलाच असू दे. पण तुम्ही खांबापाशी उभे राहायचं नाही. पहिल्या रांगेत आईच्या शेजारी बसायचं.”

“बसेन की. मध्येमध्ये.”

“मध्येमध्ये नाही. सबंध दिवस. एकही खूण करायची नाही. त्या दिवशी तुम्ही कामावर नाही.”

“अगं, पण काही बिघडलं तर?”

“बिघडू दे. मला बिघडलेलं लग्न चालेल, पण बाबा खांबापाशी चालणार नाहीत.”

काका आमच्याकडे बघून हसले, आम्ही जमिनीकडे बघितलं. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने पुन्हा चष्मा पुसला, या वेळी वाफेचं कारण नव्हतं. काकांचं हसू मावळलं. “बरं,” ते म्हणाले. “शब्द दिला.” ती गेल्यावर ते आमच्याकडे वळून म्हणाले, “ऐकलंत ना? त्या दिवशी माझ्याकडे अजिबात बघायचं नाही. मास्तर काय ते ठरवतील.”

आता गोम अशी की काका आयुष्यभर गिऱ्हाइकांसमोर एक बोलत आणि आमच्याकडे बघून दुसरंच सुचवत. ‘आमचे लोक जेवण मागत नाहीत’ असं ते म्हणाले की आम्ही ताटं घ्यायला उठायचो. त्यामुळे काका ‘बघायचं नाही’ म्हणाले तेव्हा ड्रमवाल्याने मला डोळा मारला, मी मास्तरांना मारला, आणि बघायचंच हे एका शब्दाशिवाय पक्कं झालं. काका त्या दिवशी पहिल्यांदा जसंच्या तसं बोलत होते हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

ते मात्र इमानेइतबारे बसण्याचा सराव करू लागले. काकू सांगत होत्या, रोज सकाळी जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसायचे, हात मांडीवर, आणि ‘किती वेळ झाला?’ विचारायचे. हात काही स्थिर राहीनात. शेवटी काकूंनी तोडगा काढला की हात मांडीखाली घालून बसायचं. “बधिर होतील,” काका म्हणाले. काकू म्हणाल्या, “झाले तर बरंच.”

लग्नाच्या दिवशी काका नव्या कोटात पहिल्या रांगेत बसले, हात मांडीखाली. शेजारी काकू, पर्स मांडीवर, नजर काकांच्या कोपरांवर. हॉलमध्ये झकास खांब होता. काका त्याच्याकडे अशा नजरेने बघत होते की आम्हालाच वाईट वाटलं. तरी सुरुवात छान झाली. जोडपं आलं, सह्या झाल्या, टाळ्या पडल्या. मास्तरांनी नवरीच्या मैत्रिणी समोर उभ्या राहिल्यामुळे एक गाणं नेहमीपेक्षा बरंच लांबवलं. काकांचे खांदे थोडे हलले, पण हात बाहेर आले नाहीत. ड्रमवाला माझ्या कानात म्हणाला, “म्हाताऱ्याने कमाल केली.”

मग नवऱ्या मुलाचे वडील बोलायला उभे राहिले. काकांचे व्याही पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोक त्यांच्याशी ओरडून बोलले आणि यांनी ‘बघतो’ एवढंच उत्तर दिलं. माईक हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. भाषण पाठ केलेलं होतं, आवाज नळाला पाणी नसताना येतो तसा, आधी नुसती हवा. हळूहळू सापडला.

“ही मुलगी पहिल्यांदा आमच्या घरी आली,” ते म्हणाले, “तेव्हा मी विचारलं, तुझे वडील काय करतात? म्हणाली, ते लोकांची लग्नं पार पाडतात. मी म्हटलं, मग घरी कमीच असतील. तर हसली आणि म्हणाली, लहानपणी मला वाटायचं, गावातल्या सगळ्या नवऱ्या मुली माझ्या बाबांच्याच आहेत. म्हणून त्यांना प्रत्येकीच्या लग्नाला जावंच लागतं.”

हॉल हसला. काकू हसल्या. काका हसले नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीखालून निघाला, खिशात गेला, आणि पांढरा रुमाल डोळ्यांवरून फिरला.

ड्रमवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी मास्तरांकडे. तिघांच्याही तोंडावर एकच, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ ब्रश सुरू झाले. मी खालून दोन तारा धरल्या. व्याह्यांना वाटलं आपल्या बोलण्याला साथ मिळतेय. त्यांना हुरूप आला, ते जरा मोठ्याने म्हणाले, “आणि पुढे ती काय म्हणाली माहितेय? म्हणाली, म्हणूनच मी...”

काकांनी रुमाल दुसऱ्यांदा फिरवला.

मास्तर उठले. इतक्या वर्षांत आम्ही एवढ्या एकदिलाने वाजवलं नव्हतं. व्याह्यांचं वाक्य कुठल्या कुठे वाहून गेलं. काका अर्धवट उठून दोन्ही हात वर करून ‘नको, नको’ म्हणत होते, आणि दोन्ही हात वर म्हणजे काय हे तर वर सांगितलंच आहे. ट्रम्पेटवाला खुर्चीवर चढला. लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले. व्याही आधी गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी सगळीकडे बघून हात जोडले आणि कृतार्थ होऊन खाली बसले. काकांचं कसब त्यांच्यावरही चोख चाललं होतं.

स्टेजवरून नवरी खाली उतरली. पोशाख दोन्ही हातांनी उचलून धरलेला, चेहरा लाल. व्याही भुलले असतील, तिला कोण भुलवणार? ती सरळ काकांपुढे येऊन उभी राहिली. आमच्यापासून चार पावलांवर, त्यामुळे वाजवता वाजवता सगळं ऐकू येत होतं.

“बाबा, हे कधीच सुटणार नाही का तुमचं? माझ्या सासऱ्यांनी महिनाभर पाठ केलं होतं ते. तुम्ही शब्द दिला होतात.”

तिने त्यांच्या हातातला रुमाल हिसकावून घेतला. आणि तशीच थांबली. तिने तो बोटांत चुरगाळून बघितला, मग काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. रुमाल भिजलेला होता.

“बाबा, तुम्ही खरंच रडताय?”

“मग काय करू?” काका म्हणाले. “यांना थांबायला सांग. मला पुढचं ऐकायचंय.”

मी तारांवर हात ठेवला. ड्रमवाला थांबला. मास्तरांना थांबवायला जरा वेळ लागला, ते डोळे मिटून बरेच लांब गेले होते. लोक आपण उभे का आहोत हे न कळून एकेक करून बसले. मला इतकी शरम वाटली की मी चक्क माझ्या वाद्यामागे लपलो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या आकाराचा उपयोग झाला.

“व्याही,” काका म्हणाले, “माझ्या माणसांचं चुकलं. त्यात त्यांचा दोष नाही, मीच त्यांना तसं शिकवलंय. पुढे काय म्हणाली ती?”

व्याही संकोचले. “जाऊ द्या हो. एवढ्या टाळ्या पडल्यावर पुन्हा उठणं बरं दिसत नाही.”

“बरं नाही दिसलं तरी चालेल, पण बोला.”

ते उठले. माईक घ्यायचं त्यांना सुचलं नाही, आणि हॉल इतका गप्प होता की त्याची गरजही पडली नाही. मुलगी खाली मान घालून उभी होती. व्याही म्हणाले, “ती म्हणाली, म्हणूनच मी तेव्हा ठरवून टाकलं होतं, की मोठी झाले की नवरी व्हायचं. म्हणजे मग एक अख्खा दिवस बाबा माझ्याकडे येतील.”

कुणी हसलं नाही. काकूंनी पर्स उघडली, त्यात काही सापडेना, बंद केली. ड्रमवाला पुटपुटला, “आता काय वाजवायचं?” मास्तर म्हणाले, “गप बस.” मलाही भरून आलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

काका रडत होते. रुमाल मुलीकडे होता आणि त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. काकू उठल्या, आपली खुर्ची त्यांनी मुलीला दिली आणि स्वतः मागे जाऊन बसल्या. मुलगी काकांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. स्टेजवर नवरा मुलगा एकटाच उरला. थोडा वेळ तो फोटोसाठी उभं राहिल्यासारखा उभा राहिला, मग खाली उतरून काकूंच्या शेजारी जाऊन बसला. आम्ही कुणीही न सांगता एक जुनं, संथ गाणं घेतलं, आणि मास्तरांनी ते कुठेही न फिरवता सरळ वाजवलं.

जेवणाची वेळ होऊन गेली. हॉलचा माणूस लगबगीने आला. शहरातले सगळे हॉलवाले काकांना ओळखतात. तो सवयीप्रमाणे आधी खांबाकडे गेला, तिथे कुणी नाही म्हणून इकडेतिकडे बघत पुढे आला आणि वाकून म्हणाला, “काका, जेवण काढायचं का? आणि गर्दीसाठी तो बाजूचा दरवाजा उघडू का?”

“दुसऱ्या कुणाला तरी विचार बाबा,” काका म्हणाले. “मी माझ्या मुलीच्या लग्नाला आलोय.”